हातघाईची पट्टी आणि पितळी टाचणी : एका जर्मन सन्मानपट्टीच्या निर्मात्याचा शोध

सातारा जिल्ह्यातील एका कुटुंबाकडे दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्याची, छातीवर लावायची एक धातूची सन्मानपट्टी आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई असलेल्या आजोबांनी ती इटलीच्या मोहिमेतून आणली, असे घरात सांगितले जाते. पट्टीबरोबर त्यांचे ‘इटली स्टार’ हे मोहीम-पदक आणि सेवामुक्तीची कागदपत्रेही जपून ठेवलेली आहेत. पट्टी दोन ठिकाणी दाखवली गेली आणि दोन्हीकडे वेगळा निर्णय मिळाला. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने ती नकली ठरवली, कारण मागची टाचणी पितळेची आहे आणि युद्धकाळातील अशा टाचण्या पोलादी असत. एका संग्राहकाने ती अस्सल आणि ‘बर्लिनच्या पेकहाउस कंपनीची’ असल्याचे सांगितले, कारण मागे तसे नाव उठवलेले आहे. पहिल्याने एका सुट्या भागावरून संपूर्ण वस्तू निकालात काढली, तर दुसऱ्याने खुणेवरचे पहिलेच नाव निर्मात्याचे मानले. या दोन्ही चुका या क्षेत्रात वारंवार होतात, म्हणून हे प्रकरण तपशिलाने मांडणे मला आवश्यक वाटते.

ही पट्टी जर्मनीत ‘नाहकाम्फश्पांगे’ या नावाने ओळखली जाई. पायदळाच्या हातघाईच्या लढाईसाठी दिला जाणारा हा सन्मान २५ नोव्हेंबर १९४२ रोजी स्थापन झाला. हातघाईच्या लढाईचे १५ दिवस पूर्ण केलेल्यास कांस्य, ३० दिवसांना रौप्य आणि ५० दिवसांना सुवर्ण श्रेणी मिळे. गंभीर जखमेमुळे पुढे लढणे अशक्य झालेल्यांसाठी हीच मर्यादा १०, २० आणि ४० दिवसांवर आणलेली होती. दिवसांची गणना डिसेंबर १९४२ पासून होती; मात्र पूर्व आघाडीवर सलग सेवा केलेल्यांना आधीच्या काळाचे काही दिवस जमा धरले जात, म्हणजे ८ महिन्यांना ५, १२ महिन्यांना १० आणि १५ महिन्यांना १५. पट्टी डाव्या खिशाच्या वर, रिबिनींच्याही वरच्या बाजूस लावली जाई. मध्यभागी गरुड आणि स्वस्तिकाचे राजचिन्ह, त्याखाली एकमेकांना छेदणारी संगीन आणि दांड्याचा हातबॉम्ब, दोन्ही बाजूंना किरणांवर पसरलेली ओकची पाने, आणि मधल्या कोरीव भागाच्या मागे बसवलेला काळा पोलादी पत्रा अशी तिची रचना आहे. लांबी सुमारे ९७ मिलिमीटर भरते.

स्थापनेचे वर्ष निर्मात्याच्या शोधात महत्त्वाचे ठरते. युद्धाच्या सुरुवातीच्या जर्मन पदकांत आणि बिल्ल्यांत तांब्याची मिश्रधातू सर्रास वापरली जाई. पुढे तांबे शस्त्रनिर्मितीसाठी राखले जाऊ लागले आणि बिल्ल्यांचे उत्पादन जस्ताकडे वळले. हातघाईची पट्टी या बदलानंतर आली, म्हणून तिचे नमुने मुख्यतः जस्ताचेच मिळतात. जस्तावर दिलेला कांस्य रंगाचा मुलामा काही दशकांत उतरतो आणि खालचा राखाडी रंग दिसू लागतो. साताऱ्याच्या पट्टीवरही तो फक्त पानांच्या खाचांत शिल्लक आहे, आणि त्यावरूनच ती कांस्य श्रेणीची असल्याचे ठरवता आले. उंचवट्यांवर मुलामा जाऊन खाचांत टिकणे, ही झीज हाताळणीने आणि कालांतराने होणाऱ्या झिजेशी जुळते. नकली वस्तूंवर जुनेपणा आणण्यासाठी रंग पुसून काढला जातो, तेव्हा तो बहुतेक वेळा सपाट भागांतूनही एकसारखा गेलेला दिसतो.

पट्टीच्या पाठीमागे उठावाच्या अक्षरांत दोन ओळी आहेत. एका बाजूला ‘फेक. डब्ल्यू. ई. पेकहाउस, बर्लिन’, तर दुसऱ्या बाजूला ‘आउस्फ. ए.जी.एम.यू.के., गाब्लोन्झ’. पहिल्या ओळीतील ‘फेक.’ (फेसिट, म्हणजे ‘घडवले’) हा लॅटिन संक्षेप कलाकृतीच्या कर्त्याच्या नावाआधी येतो, तर दुसऱ्या ओळीतील ‘आउस्फ.’ हा प्रत्यक्ष निर्मितीसाठीच्या जर्मन शब्दाचा संक्षेप आहे. विल्हेल्म अर्न्स्ट पेकहाउस हे बर्लिनचे शिल्पकार आणि या पट्टीचे आरेखनकार होते, कारखानदार नव्हते. १९४४ मध्ये स्थापन झालेली पाणबुडी दलाची आघाडी-पट्टीही त्यांनीच आरेखित केली, आणि तिच्या पाठीवरही आरेखनकाराचे नाव एकीकडे व प्रत्यक्ष बनवणाऱ्या श्वेरीन या संस्थेचे नाव दुसरीकडे अशीच विभागणी आढळते. त्या श्वेरीनच्या खुणेतील ‘बर्लिन ६८’ हा अंक काही जण निर्मात्याचा सांकेतिक क्रमांक समजतात. वस्तुतः तो बर्लिनच्या टपाल विभागाचा क्रमांक आहे, आणि सी. ई. युंकर ही प्रसिद्ध पदकनिर्माती संस्थाही त्याच एस.डब्ल्यू. ६८ विभागात होती. जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षीय कार्यालयाने निर्मात्यांना दिलेले क्रमांक आणि पदकनिर्मात्यांच्या संघटनेचे एल-पूर्वक क्रमांक या दोन वेगळ्या पद्धती होत्या. उदाहरणार्थ, ल्यूडेनशाइडची श्टाइनहाउअर उंड ल्यूक ही संस्था पहिल्या पद्धतीत ४, तर दुसऱ्या पद्धतीत एल/१६ होती. अंक दिसताच यादी उघडण्याआधी तो अंक कोणत्या पद्धतीतला आहे, किंवा कोणत्याच पद्धतीतला नाही का, हे ठरवावे लागते.

हातघाईच्या पट्ट्यांवर अंकांपेक्षा आद्याक्षरे अधिक आढळतात. एफ.एल.एल. म्हणजे ल्यूडेनशाइडची फ्रीडरिश लिंडन, जी.डब्ल्यू.एल. म्हणजे त्याच गावातील गेब्र्यूडर वेगरहोफ. शेवटचा एल हा गावाचा असतो, हे लक्षात ठेवले की अनेक खुणा सहज उलगडतात. जे.एफ.एस. म्हणजे गाब्लोन्झची योझेफ फाइक्स उंड झ्योने. आपल्या पट्टीवरील ए.जी.एम.यू.के. हेही गाब्लोन्झचेच असून त्याचा विस्तार ‘आर्बाइट्सगेमाइनशाफ्ट मेटाल उंड कुन्स्टश्टोफ’, म्हणजे धातू आणि प्लॅस्टिक काम करणाऱ्यांचा कार्यसंघ, असा केला जातो.

म्हणजे खुणेतले खरे निर्मात्याचे नाव दुसरे होते, आणि तेही एका कारखान्याचे नसून संघाचे होते. या मुद्द्यावर थोडे थांबणे भाग आहे, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर उभी आहे.

गाब्लोन्झ हे आजचे चेक प्रजासत्ताकातील याब्लोनेत्स नाद निसोउ. उत्तर बोहेमियातील हे गाव आणि त्याच्या भोवतीची खेडी काचमणी, काचेची बटणे आणि स्वस्त धातूच्या दागिन्यांसाठी जगभर ओळखली जात होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानच्या बाजारात येणाऱ्या परदेशी काचेच्या बांगड्यांचा मोठा वाटा याच परिसरातून येई, म्हणून हे नाव न ऐकताही आपल्या पणजीच्या पिढीने गाब्लोन्झचा माल हातात घातलेला असण्याची शक्यता आहे. येथील उद्योग मोठ्या कारखान्यांपेक्षा निर्यातदार पेढ्या आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या असंख्य छोट्या कार्यशाळा यांच्यावर चालत होता. कोणी काच ओतायचा, कोणी पैलू पाडायचा, कोणी धातूच्या चौकटी ठोकायचा, कोणी आकडे आणि बिजागऱ्या जोडायचा. १९३८ च्या म्यूनिक करारानंतर हा प्रदेश जर्मनीत गेला. युद्धकाळात दागिन्यांची निर्यात आटली, तेव्हा छोट्या धातुकामाचे हे कसब आणि उपकरणे बिल्ले-पदकांच्या कामासाठी तयारच होती.

हे ध्यानात घेतले तर एकाच खुणेच्या पट्ट्यांत जोडकामाचे फरक का सापडतात, याला स्वाभाविक उत्तर मिळते. अंग, म्हणजे पट्टीचा मुख्य जस्ती भाग, एका साच्यातून निघाले, तरी बिजागरी, आकडा आणि टाचणी वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या पुरवठ्यातून बसवलेली असू शकतात. हा माझा निष्कर्ष त्या गावाच्या उद्योगरचनेवरून काढलेला आहे. मात्र तो मान्य केला तर जोडभागांतील प्रत्येक वेगळेपण हा बनावटीचा पुरावा मानता येत नाही, आणि जोडभाग जुळले म्हणून अंगही अस्सल असे मानता येत नाही. म्हणून साताऱ्याच्या पट्टीची तपासणी मी अंग, मागचा पत्रा, बिजागरी-आकडा आणि टाचणी अशा चार स्वतंत्र वस्तू समजून केली.

अंगाची तपासणी सर्वांत अधिक वेळ घेणारी होती. या क्षेत्रात छायाचित्रांशी तुलना करण्याची पद्धत रूढ आहे आणि ती उपयुक्तही आहे, परंतु तिची मर्यादा फार थोडे लोक सांगतात. अस्सल पट्टीवरून रबरी साचा घेऊन दुसरी पट्टी ओतली, तर तिच्यात खूण, पानांच्या शिरा, किरणांची संख्या आणि मूळ साच्यातील दोषही जसेच्या तसे उतरतात. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे नकल मूळ वस्तूपेक्षा साधारण एक टक्क्याच्या आसपास लहान होते. सगळेच भाग त्याच प्रमाणात लहान झाल्याने छायाचित्रात हा फरक दिसत नाही. छायाचित्र आपल्याला वस्तू कोणत्या साच्याच्या वंशातली आहे हे सांगते. ती थेट त्या साच्यातून निघाली की तिच्या नकलेतून, हे सांगू शकत नाही. त्यासाठी मापच घ्यावे लागते. ९७ मिलिमीटर लांबीवर एक टक्का म्हणजे जवळपास एक मिलिमीटर, जो साध्या व्हर्निअर कॅलिपरनेही निसटत नाही. साताऱ्याची पट्टी याच खुणेच्या विश्वसनीय नमुन्यांच्या लांबीशी अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळली. केवळ टोकाटोकातील लांबीवर न थांबता खुणेच्या दोन अक्षरांमधील अंतरही मोजले, कारण टोके घासली जाऊ शकतात, पण पाठीवरची अक्षरे सहसा झिजत नाहीत.

दहापट भिंगाखाली अक्षरांच्या कडा टोकदार दिसल्या. ओतीव नकलेत अक्षरांची बुडे गोलसर होतात आणि त्यांच्या आसपास सूक्ष्म हवाछिद्रे किंवा दाणे उमटतात. येथे तसे काही नव्हते. किरणांमधील सपाट जागांवर साच्याच्या पृष्ठभागाचे गुळगुळीतपण टिकून होते, आणि जिथे जस्त गंजले होते तिथले खड्डे बाहेरून आत गेलेले होते. ओतकामातील छिद्र आणि गंजाचा खड्डा यांतला फरक कडांवरून ओळखता येतो : छिद्राची कड गोल आणि स्वच्छ असते, गंजाची वेडीवाकडी आणि पांढुरक्या भुकटीने भरलेली.

मग साच्याच्या दोषांकडे वळलो. पोलादी साच्याला तडा गेला की त्या फटीत धातू शिरतो आणि वस्तूवर केसाइतकी उंच रेषा उमटते. साचा वापरात राहिला तर तडा वाढत जातो, म्हणून एकाच साच्याच्या वस्तू या रेषेच्या लांबीवरून आधीच्या-नंतरच्या क्रमात लावता येतात. साताऱ्याच्या पट्टीवर अशा दोन रेषा स्पष्ट आहेत आणि त्या याच खुणेच्या ज्ञात नमुन्यांवरील रेषांच्या जागेशी जुळतात. त्यांपैकी एक रेषा काही नमुन्यांपेक्षा लांब आहे, म्हणजे ही पट्टी त्या साच्याच्या नंतरच्या काळातली असावी. रेषांची नेमकी जागा मी येथे देत नाही. बनावट करणारेही हे लेखन वाचतात, आणि त्यांना दुरुस्तीची यादी पुरवण्याचे कारण नाही. ज्यांना स्वतःच्या पट्टीची तुलना करायची आहे त्यांनी किमान तीन-चार निर्विवाद नमुने शेजारी ठेवून दोष स्वतः शोधावेत. त्यातूनच नजर तयार होते.

मागचा पत्रा चुंबकाला चिकटतो, अंग चिकटत नाही, हे अपेक्षितच होते. मला महत्त्वाचे वाटले ते गंजाचे वाटप. पत्र्याचा तांबूस गंज त्याला धरून ठेवणाऱ्या जस्ताच्या दाबलेल्या कडांवर ओघळून बसला आहे, आणि जस्ताचा पांढरा गंज पत्र्याच्या काठावर चढला आहे. दोन धातू दीर्घकाळ एकमेकांना लागून राहिल्याशिवाय गंजाची अशी देवाणघेवाण होत नाही. पत्रा नंतर बदलला असता, तर दाबलेल्या कडा एकदा उचलून पुन्हा दाबाव्या लागल्या असत्या. ठिसूळ झालेले जुने जस्त असे वाकवले की तडकते. येथे कडा अखंड आहेत.

धातूची खात्री करण्यासाठी सोन्याची शुद्धता तपासणाऱ्या एका हॉलमार्किंग केंद्रातील क्ष-किरण यंत्राची मदत घेतली. अंगात प्रामुख्याने जस्त, टाचणीत तांबे आणि जस्त, म्हणजे पितळ, असे उत्तर मिळाले. हे यंत्र सोन्याच्या कामासाठी बसवलेले असते. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत मिसळले जाणारे ॲल्युमिनियम हे हलके मूलद्रव्य त्यात नीट दिसत नाही, त्यामुळे मिश्रधातूचा नेमका प्रकार या चाचणीतून ठरवणे चुकीचे होईल. कथिलाची स्वस्त नकल मात्र तिने बाद केली, आणि ते काम घनतेच्या चाचणीने झाले नसते, कारण जस्ताची घनता सुमारे ७.१ आणि कथिलाची ७.३ आहे; त्यात पोलादी पत्र्याची भर पडल्यावर हा फरक हातातून सुटतोच.

आता ज्या टाचणीमुळे पट्टी नकली ठरवली गेली तिच्याकडे पाहू. बिजागरी आणि आकडा पोलादी आहेत, दोन्हींवर जुना गंज आहे, आणि दोन्ही अंगावर पक्के बसलेले आहेत. बिजागरीच्या छिद्रांतून गेलेली आस मात्र पितळी तारेची आहे, तिची टोके हातोडीने चेपलेली आहेत आणि छिद्रांच्या कडांवर कानशीचे ताजे ओरखडे आहेत. हे ओरखडे गंजाच्या थराला कापून जातात. म्हणजे आधी गंज चढला आणि नंतर कोणीतरी छिद्र मोकळे केले. टाचणी हाताने घडवलेली आहे; तिचे टोक आकड्याच्या मापाचे नाही, ते किंचित बाहेर येते. जुनी पोलादी टाचणी गंजून तुटली आणि गावातील एखाद्या सोनाराने पितळेच्या पट्टीची नवी बसवून दिली, हे स्पष्टीकरण सर्व खुणांशी जुळते. बनावट करणाऱ्याला बिजागरी-आकडा जुना, अंग जुने आणि टाचणी तेवढी उघडपणे चुकीची ठेवण्यात काहीच लाभ नव्हता. जो भाग व्यापाऱ्याला नकलीपणाचा पुरावा वाटला, तो वस्तू विकण्यासाठी तयार केलेली नसून घरात वापरात होती याचीच खूण आहे, असे माझे मत आहे.

निर्मात्याच्या ओळखीबाबत आणखी एक शक्यता तपासणे आवश्यक होते : युद्धोत्तर उत्पादन. पश्चिम जर्मनीत २६ जुलै १९५७ च्या कायद्याने स्वस्तिकविरहित रूपात ही पदके लावण्यास परवानगी दिली आणि त्या रूपातील पट्ट्या अधिकृतपणे बनू लागल्या. श्टाइनहाउअर उंड ल्यूकसारख्या काही जुन्या संस्था त्या व्यवसायात टिकून होत्या. त्यामुळे ल्यूडेनशाइडच्या खुणेची पट्टी हातात आली की युद्धकाळ आणि युद्धोत्तर काळ यांतील सीमारेषेचा विचार अधिक काळजीने करावा लागतो. गाब्लोन्झची परिस्थिती वेगळी होती. १९४५ नंतर तेथील जर्मन लोकसंख्येची हकालपट्टी झाली, त्यांतील बरेच जण बव्हेरियातील काउफबॉयरेन येथे वसले आणि तेथे नॉयगाब्लोन्झ ही वसाहत उभी राहिली. युद्धकाळातील कार्यसंघाची सलगता तिथे तुटली. साताऱ्याच्या पट्टीवर स्वस्तिक आहे, साच्याचा दोष ज्ञात युद्धकालीन मालिकेत बसतो, आणि गंजाचे वय पटण्याजोगे आहे; युद्धोत्तर उत्पादनाची शक्यता मी बाजूला ठेवतो.

कुटुंबाच्या सांगण्याचा विचार मी मुद्दाम शेवटी केला. कथा वस्तूला अस्सल ठरवू शकत नाही. इटलीतून आणलेली म्हणून पट्टी खरी, असे म्हटले तर कथा हाच पुरावा आणि पुरावा हीच कथा अशा फेऱ्यात आपण अडकतो. वस्तू स्वतःच्या बळावर उभी राहिल्यावर मात्र कथेचे वजन तपासता येते. सेवामुक्तीच्या कागदपत्रांत १९४४-४५ मधील इटलीतील सेवेची नोंद आहे. तोपर्यंत ही पट्टी दिली जाऊ लागून वर्षाहून अधिक काळ लोटला होता आणि इटलीतील जर्मन तुकड्यांत ती मिळालेले सैनिक होते. मराठा पलटणींनी त्या आघाडीवर ज्या प्रकारची लढाई केली ती अगदी जवळून झालेली होती : १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी शत्रूच्या ठाण्यावर एकट्याने चाल केली आणि मॅगझीन बदलायला वेळ नसल्याने बंदूकच उलटी धरून ते लढले व त्यानंतर धारातीर्थी पडले; ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी पराक्रम गाजवला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तरीही ही पट्टी रणांगणावर मिळाली, की २ मे १९४५ च्या शरणागतीनंतर एखाद्या युद्धकैद्याने सिगारेटच्या बदल्यात दिली, याचा निर्णय वस्तूवरून होत नाही. पट्टीवर मूळ धारकाचे नाव नसते. ते त्याच्या प्रमाणपत्रात आणि सैनिकी पुस्तिकेत असे, आणि ते कागद पट्टीबरोबर आलेले नाहीत. ‘इटलीतून आणलेली असणे पूर्णपणे शक्य’ इतकेच मी नोंदीत लिहिले.

कुटुंबाला दिलेल्या लेखी नोंदीत भागवार असे लिहिले : अंग, पत्रा, बिजागरी आणि आकडा युद्धकालीन. आरेखन पेकहाउस यांचे. उत्पादन गाब्लोन्झच्या ए.जी.एम.यू.के. या संघाचे, साच्याच्या नंतरच्या टप्प्यातले. आस आणि टाचणी नंतरची, बहुधा भारतात बसवलेली. संघातील कोणत्या कार्यशाळेने जोडकाम केले, त्याचा उल्लेख टाळला, कारण त्यासाठी या वस्तूत आधार नाही.

घरातील तरुण मंडळींनी योग्य पोलादी टाचणी विकत घेऊन बसवावी का, असे विचारले. सुटे जुने भाग बाजारात मिळतात, आणि तसे केल्यास पट्टी निर्दोष दिसेल. मी त्याविरुद्ध सल्ला दिला. बाहेरून आणलेला जुना भाग बसवला की पुढच्या अभ्यासकाला तो मूळचा वाटेल आणि बिजागरीवरचे ओरखडे उगाच संशय निर्माण करतील. पितळी टाचणी स्वतःची ओळख स्वतःच देते. पट्टी धुऊ नये, घासू नये, लाकडी पेटीत किंवा साध्या पुठ्ठ्यात ठेवू नये, कारण त्यांतून निघणारी आम्लयुक्त वाफ जस्ताला खाते आणि साताऱ्याच्या पावसाळ्यातील ओल त्यात भर घालते. आम्लविरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलची पुडी घातलेल्या बंद डब्यात ती ठेवायला सांगितली, आणि भागवार नोंदीची एक प्रत आजोबांच्या सेवामुक्तीच्या कागदांबरोबर ठेवायला दिली.